स्केटपार्क : शहरातील मोकळी जागा नेमकी कोणाची?

स्केटबोर्ड म्हटले की आपल्यापैकी अनेकांना परदेशी चित्रपटांतील मुले आठवतात. चार छोटी चाके लावलेली फळी, तिच्यावर उभे राहून पायऱ्यांवरून उडी मारणारी पोरे आणि त्यांना हुसकावणारा सुरक्षारक्षक. हा श्रीमंतांच्या मुलांचा खेळ आहे, आपला याच्याशी काय संबंध, असे आम्हालाही वाटत होते. पण या खेळाचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा त्यात एक ओळखीचा प्रश्न सापडला. जी जागा कागदावर सर्वांची आहे, ती प्रत्यक्षात कोण वापरू शकतो? म्हणूनच हा लेख.

खेळ कसा वाढला?

स्केटबोर्डिंगची सुरुवात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकाच्या आसपास झाली. समुद्रात लाटा नसल्या की तिथले सर्फिंग करणारे तरुण फळीला चाके लावून रस्त्यावर उतरत. १९७० च्या दशकात पॉलियुरेथेनची चाके आली आणि फळीची रस्त्यावरची पकड सुधारली. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला आणि अनेक घरांचे पोहण्याचे हौद कोरडे पडले. त्या हौदांच्या गोलाकार भिंतींवर मुले बोर्ड चालवू लागली. आजच्या स्केटपार्कमधील वाडग्यासारख्या खोलगट भागाचे मूळ तिथे आहे.

त्या काळात तिकीट घेऊन खेळायचे खासगी स्केटपार्कही निघाले. मात्र अपघातांची जबाबदारी आणि विम्याचा खर्च न परवडल्याने त्यातील बहुतेक पुढे बंद पडले. मग मुले पायऱ्या, कठडे, बाक आणि चौक यांकडे वळली. शहरांनी त्यावर दंड लावले आणि कठड्यांवर लोखंडी गुटके ठोकले. बाकावर कोणाला झोपता येऊ नये म्हणून मध्ये दांडा बसवतात, त्याच विचारातून हे गुटकेही आले.

पुलाखालची जागा

अमेरिकेतील पोर्टलंड शहरात बर्नसाइड पुलाखाली एक दुर्लक्षित, घाणीने भरलेली जागा होती. १९९० मध्ये काही स्केटरांनी परवानगीची वाट न पाहता तिथे स्वतःच सिमेंट कालवून उतार बांधायला सुरुवात केली. पैसा त्यांचा, श्रमही त्यांचेच. जागेचा वावर बदलला, आजूबाजूच्या व्यावसायिकांनी पाठिंबा दिला आणि पुढे शहराने बांधकामाला मान्यता दिली. बर्नसाइड आजही जगातील सर्वांत नावाजलेल्या स्केटपार्कपैकी एक आहे.

प्रत्येक ठिकाणी असे झाले नाही. फिलाडेल्फिया शहरातील लव्ह पार्क हा चौक जगभरच्या स्केटरांना ठाऊक होता. २००२ मध्ये तिथे बंदी कडक झाली. या चौकाची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन तेव्हा ९२ वर्षांचे होते. बंदीचा निषेध म्हणून हा म्हातारा माणूस इतरांचा आधार घेऊन त्याच चौकात स्केटबोर्डवर उभा राहिला! तरीही बंदी उठली नाही. २०१६ मध्ये जुना चौक तोडायला घेतला आणि पुढे तो नव्याने बांधण्यात आला.

लंडनच्या तरुणांनी काय केले?

आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते लंडनचे उदाहरण. थेम्स नदीकाठी क्वीन एलिझाबेथ हॉल हे सभागृह १९६७ मध्ये उघडले. त्याच्या खाली खांबांची, तिरप्या उतारांची एक उघडी जागा उरली होती. तिचा ठरलेला काही उपयोग नव्हता. १९७३ पासून मुले तिथे स्केटिंग करू लागली. पिढ्यानपिढ्या ती जागा त्यांची झाली, पण मालकीचा कागद काही त्यांच्याकडे नव्हता.

२०१३ मध्ये सुमारे १२ कोटी पौंडांचा विस्तार प्रकल्प जाहीर झाला. या जागेत दुकाने आणि उपाहारगृहे येणार होती. स्केटरांसाठी जवळच्याच दुसऱ्या पुलाखाली नवी जागा देऊ केली गेली. वरवर पाहता यात अन्याय दिसत नाही. पर्यायी जागा मिळतेय, मग तक्रार कसली? पण शहरात ज्यांना कधी हलवले गेले आहे, त्यांना ‘पर्यायी जागा’ या शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जागा बदलली की तिथली ओळख, शिकणे-शिकवणे आणि सवयीचा वावर तुटतो.

तरुणांनी ‘लाँग लिव्ह साउथबँक’ ही मोहीम उभी केली. त्यांनी त्याच जागेवर टेबल मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना माहिती देऊन सह्या घेतल्या. पाठिंबा देणाऱ्यांची संख्या दीड लाखाच्या घरात गेली. त्याहून मोलाचे काम म्हणजे बांधकाम परवानगीच्या अर्जावर त्यांनी २७ हजारांहून अधिक हरकती नोंदवल्या. सोबत कायदेशीर लढाईही सुरू ठेवली. जानेवारी २०१४ मध्ये लंडनच्या महापौरांनी स्केटरांच्या बाजूने मत दिले. सप्टेंबर २०१४ मध्ये लेखी करार होऊन ती जागा स्केटिंगसाठी राखली गेली. मोहीम तिथेच थांबली नाही. अनेक वर्षे बंद असलेला त्या जागेचा एक भाग निधी जमवून दुरुस्त करण्यात आला आणि २०१९ मध्ये तो खुला झाला.

जागा मिळाली, आत कोण?

आता दुसरी बाजू. जागा सार्वजनिक झाली म्हणजे आपोआप समता येत नाही. बोर्ड, हेल्मेट, बूट यांना पैसे लागतात. बहुतेक स्केटपार्कमध्ये मुलगे खेळतात आणि मुली कठड्यावर बसून पाहतात. त्यासाठी मुद्दाम नियम करावे लागतात.

याचे चांगले उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यात, तेही शहराबाहेर आहे. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातील जनवार गावात २०१५ मध्ये जर्मनीच्या उलरिके राइनहार्ड यांच्या पुढाकाराने स्केटपार्क झाला. गावात आदिवासी आणि यादव वस्त्या वेगळ्या. पार्कचे नियम मात्र दोनच होते : शाळा नाही तर स्केटिंग नाही, आणि मुलींना आधी संधी. दोन्ही वस्त्यांतील मुले एकाच उतारावर आली. याच गावची आदिवासी मुलगी आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. एका पार्कने जात संपत नाही, हे आपण जाणतो. पण एकत्र यायला जागाच नसेल, तर पुढची गोष्ट सुरूही होत नाही.

आपल्यासाठी काय?

स्केटबोर्डिंग २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये आले. २०२२ मध्ये गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही त्याचा समावेश झाला. त्यामुळे आपल्या शहरांतही स्केटपार्कची मागणी वाढेल. तो कोणत्या प्रभागात होणार, प्रवेशासाठी पैसे लागणार का, वस्तीतल्या मुलांना तिथे उभे करतील का, हे प्रश्न आत्ताच विचारले पाहिजेत. वस्तीला स्केटपार्क नको, अभ्यासिका किंवा साधे मैदान हवे असेल, तरी मार्ग तोच आहे.

शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून ठराविक मुदतीत हरकती आणि सूचना मागवल्या जातात. कोणता भूखंड मैदानासाठी आरक्षित आहे आणि कोणाचे आरक्षण बदलले जात आहे, ते त्यात दिसते. बहुतेक वस्त्यांना ही मुदत संपल्यावरच कळते. लंडनच्या मुलांनी फळ्या बाजूला ठेवून अर्ज वाचले, हरकती लिहिल्या आणि त्यांची जागा वाचली. तरुणांनो, आपल्या प्रभागाचा आराखडा आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिला आहे? या रविवारी विहारात जमाल, तेव्हा तो नकाशा सोबत न्या आणि आपले मैदान त्यात कुठे आहे ते शोधा.