‘सेवा उपलब्ध आहे’ : नांदेड-लातूरच्या तारांचा इतिहास कसा वाचायचा?

पेटची तयारी करताना किंवा संशोधन आराखडा लिहिताना एक प्रश्न हमखास पडतो : विषय कुठून आणायचा? बहुतेक जण ग्रंथालयात जातात, जुने प्रबंध चाळतात आणि त्यातल्याच एखाद्या शीर्षकात जिल्ह्याचं नाव बदलतात. आज मी तुम्हाला वेगळा रस्ता दाखवतो. तुमच्या घरात रोज केली जाणारी एखादी तक्रार घ्या आणि तिला विचारा, ‘तू कधीपासून आहेस?’

उदाहरणादाखल आपल्या नांदेड-लातूर भागातली सगळ्यात सामायिक तक्रार घेऊ. नेट चालत नाही, टीव्हीवर मुंग्या येतात, पाऊस आला की छत्री बंद. ज्याला घरात राउटर कुठे ठेवायचा हे कळतं, जो रात्री बारा वाजता स्पीड टेस्ट लावतो, अशा तंत्रवेड्या पोराची चिडचिड तर विचारूच नका. पण चिडचिड हा पुरावा असतो का? माझ्या मते असतो, फक्त तो वाचायला शिकावं लागतं. माझं शिक्षण विज्ञानशाखेतलं, म्हणून मी आधी तार बघतो आणि मग कायदा. तुम्ही उलट्या क्रमाने गेलात तरी चालेल, पण दोन्ही बघा.

सीमेपलीकडे पडणारा सिग्नल

सुरुवात १९७५ पासून करू. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात भारतात ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षासाठी मिळाला होता. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं निवडली गेली. गावात एक सामुदायिक टीव्ही संच आणि वर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची थाळी.

महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. कर्नाटकातून मात्र गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे होते. आता नकाशा काढा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं (लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला), आणि उस्मानाबादची उमरग्याकडची हद्द गुलबर्ग्याला लागून. उपग्रहाचा झोत काही राज्याच्या सीमेवर थांबत नाही. म्हणजे जो सिग्नल आळंदच्या गावात चित्र दाखवत होता, तो उमरग्याच्या शेतातही पडत होता. तिथे थाळी आणि संच नव्हता, इतकंच.

हे उदाहरण मी मुद्दाम आधी घेतलं. ‘तंत्रज्ञान पोचलं नाही’ असं आपण सहज लिहून मोकळे होतो. नेमकं काय पोचलं नाही? लहरी, यंत्र, पैसा की सरकारी यादी? आराखड्यात हा फरक नसेल तर मुलाखतीत मार्गदर्शक तिथेच अडवतील.

केबलवाला आणि हेड पोस्ट ऑफिस

१९९१ च्या आखाती युद्धानंतर आणि स्टार टीव्ही, मग २ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झालेल्या झी टीव्हीनंतर देशभर गल्लोगल्ली केबल पसरली. आधी धंदा पसरला, कायदा नंतर आला : केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियम, १९९५. या कायद्यात संशोधकाच्या कामाची एक बारीक गोष्ट आहे. केबलवाल्याने नोंदणी कुठे करायची? आपल्या भागातल्या हेड पोस्ट ऑफिसात. नोंदणी वर्षाची, दरवर्षी नूतनीकरण.

म्हणजे शहरात कोणत्या वर्षी किती केबलवाले होते, कोण टिकला, कोण दुसऱ्यात विलीन झाला, याचा माग दिल्लीतल्या मंत्रालयापेक्षा आपल्या शहरातल्या पोस्टात जास्त बारकाईने लागू शकतो. जानेवारी २०२५ मधल्या नियमदुरुस्तीने ही नोंदणी ऑनलाइन झाली. त्यामुळे जुन्या वह्या कुठे आहेत हे विचारायची वेळ आत्ताची आहे.

आता टीव्हीवरच्या मुंग्या. त्या काळची केबल अॅनालॉग. हेडएंडपासून तुमच्या घरापर्यंत तारेत सिग्नल क्षीण होतो, म्हणून मध्ये मध्ये अॅम्प्लिफायर लावतात. अॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, आणि स्वतःचा थोडा घालतो. म्हणून केबलवाल्याच्या शेजारच्या घरात चित्र स्वच्छ आणि साखळीच्या शेवटच्या घरात मुंग्या. एकाच शहरात, एकाच महिन्याच्या बिलात दोन वेगळे टीव्ही होते. ‘जोडण्यांची संख्या’ या आकड्यात मात्र दोन्ही घरं सारखीच दिसतात.

दहा लाखांची रेघ

२०११ च्या दुरुस्तीने केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल करायचं ठरलं. पहिल्या टप्प्यात चार महानगरं. दुसऱ्या टप्प्यात दहा लाखांवर लोकसंख्येची ३८ शहरं, मुदत ३१ मार्च २०१३. तेव्हाचं औरंगाबाद त्यात बसलं. २०११ च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख, लातूरची सुमारे ३ लाख ८३ हजार. दोन्ही शहरं गेली तिसऱ्या टप्प्यात. त्याची मुदत आधी २०१४, मग ३१ डिसेंबर २०१५. पुढे उच्च न्यायालयांत प्रकरणं गेली आणि अखेर ३१ जानेवारी २०१७ ठरली. चौथ्या टप्प्याची, म्हणजे खेड्यांची, ३१ मार्च २०१७.

एक आकडा बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या प्रत्यक्ष मुदतींत जवळपास चार वर्षांचं अंतर पडलं, पण तिसऱ्या आणि चौथ्यात दोनच महिन्यांचं. म्हणजे कायद्याच्या नजरेत नांदेड शहर औरंगाबादपेक्षा एखाद्या खेड्याच्या जास्त जवळ होतं. कोणी मुद्दाम दुजाभाव केला असं यातून सिद्ध होत नाही. रेघ दहा लाखांवर ओढली गेली, आणि मराठवाड्यात त्या रेघेच्या वर एकच शहर होतं. संशोधनात याला महत्त्व आहे : वर्गवारीसुद्धा भूगोल घडवते.

ज्यांना थांबायचं नव्हतं त्यांनी डीटीएच घेतलं. त्यात पावसाची कटकट. केबलवाल्याची मोठी थाळी सी-बँडवर, म्हणजे साधारण ४ गिगाहर्ट्झवर चालते. घरावरची छोटी छत्री केयू-बँडवर, साधारण ११-१२ गिगाहर्ट्झवर. तरंगलांबी जितकी कमी, तितकी ती पावसाच्या थेंबाच्या आकाराजवळ येते आणि सिग्नल जास्त शोषला-विखुरला जातो. मृगाचा ढग आला की चित्र जाणार, हे छत्रीच्या लहान आकाराबरोबर विकत घेतलेलं आहे.

पुढे १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धत आली. १०० वाहिन्यांपर्यंत जाळ्याचं भाडं कमाल १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. हेतू होता ‘बघाल तेवढेच भरा’. ‘आधी तेवढ्याच पैशात सगळं दिसायचं’ ही घराघरांतली तक्रार तेव्हाची आहे. घरातली जुनी बिलं टाकू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

फोन चालतो, नेट चालत नाही

आता इंटरनेट. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला ते सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, सुरुवात महानगरांतून. ज्या गावात केंद्र नाही तिथून जोडायचं तर एसटीडी लावायचा, म्हणजे इंटरनेटच्या दरावर एसटीडीचा मीटर वेगळा. १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना परवाने दिले आणि परवान्यांचे तीन वर्ग केले : ‘अ’ देशभरासाठी, ‘ब’ दूरसंचार सर्कलसाठी, ‘क’ साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी. छोट्या शहरातला उद्योजक ‘क’ वर्ग घेऊ शकत होता. तुमच्या जिल्ह्यात तो कोणी घेतला, किती काळ चालवला? लघुप्रबंधासाठी एवढा प्रश्न पुरेसा आहे.

ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने व्याख्या केली : कायम जोडलेलं आणि किमान २५६ केबीपीएस वेग. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची डाटावन सेवा आली. २५६ किलोबिट म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. पाच एमबीचा शोधनिबंध उतरायला पावणेतीन मिनिटं, सातशे एमबीचा सिनेमा उतरायला सव्वासहा तास, तेही वेग पूर्ण मिळाला तर. आणि घरगुती जोडण्यांसाठी ट्रायच्या मार्गदर्शक मर्यादेप्रमाणे एकच बँडविड्थ ५० ग्राहकांत वाटायला मुभा होती. संध्याकाळी वेग पडायचा तो यामुळे. त्यात लबाडी असेलच असं नाही, गणित मात्र होतं.

दुसरी गोष्ट तांब्याच्या तारेची. बोलण्याचा आवाज सुमारे ३.४ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात मावतो. एडीएसएल त्याच तारेवर १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि एडीएसएल२+ २.२ मेगाहर्ट्झपर्यंत चालतं. वारंवारिता जितकी जास्त, तितकी ती तारेत लवकर क्षीण होते. एक्स्चेंजजवळच्या घराला चांगला वेग, चार-पाच किलोमीटरवरच्या नव्या वसाहतीला जेमतेम. जोडात पावसाचं पाणी शिरलं तर आधी नेट मरतं, आवाज खरखरत का होईना चालू राहतो. ‘फोन चालू आहे ना, मग लाईन ठीक आहे’ असं सांगणारा लाईनमन आणि ‘नेट बंद आहे’ म्हणून वैतागलेला ग्राहक, दोघंही खरं बोलत असू शकतात. नोंदवहीत मात्र एकाचंच म्हणणं जातं : तक्रार निवारण झाली.

ब्रॉडबँडची व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. म्हणून २००८ चे, २०१५ चे आणि २०२४ चे ‘ब्रॉडबँड ग्राहक’ एकाच आलेखावर जोडताना जपा. शब्द तोच आहे, वस्तू बदलली आहे.

अनुशेषाच्या यादीत नसलेली तार

मराठवाड्यावर लिहिताना ‘अनुशेष’ हा शब्द आपोआप येतो. पण तो आला कुठून? १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालातून. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत तिने अनुशेष मोजला. त्यात दूरध्वनी नाही. कारण सरळ आहे : राज्यघटनेत टपाल, दूरध्वनी आणि प्रसारण हे केंद्राचे विषय. समिती राज्याच्या खर्चाचा हिशोब करत होती.

याचा परिणाम काय? रस्त्याचा अनुशेष किलोमीटरमध्ये मोजला गेला, म्हणून त्यावर विधानसभेत भांडता आलं. तारेचा अनुशेष त्या यादीत कधी आलाच नाही. त्यामुळे ‘इथे इंटरनेट मागे का राहिलं, तर अनुशेषामुळे’ हे वाक्य वर्तुळात फिरतं. आधी मोजा, मग कारण सांगा.

तक्रारी गेल्या कुठे?

तुम्ही म्हणाल, ग्राहक मंचाचे निकाल बघू. जरूर बघा, पण दोन तारखा डोक्यात ठेवून. १ सप्टेंबर २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘जनरल मॅनेजर टेलिकॉम विरुद्ध एम. कृष्णन’ या प्रकरणात ठरवलं की टेलिग्राफ अधिनियमाच्या कलम ७-ब मुळे दूरध्वनीचे वाद लवादाकडे जातील, ग्राहक मंचाकडे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अग्रवाल’ या निकालाने ग्राहक मंचाचं दार उघडं असल्याचं स्पष्ट केलं.

समजा, तुमच्या जिल्ह्यात या मधल्या वर्षांत दूरसंचाराच्या तक्रारी कमी दिसल्या. याचा अर्थ सेवा सुधारली? कदाचित. लोकांनी लँडलाईन सोडून मोबाइल घेतला? तेही शक्य. की दारच बंद होतं? तिन्ही शक्यता तपासल्याशिवाय तुम्हाला निष्कर्ष लिहिता येणार नाही. त्यासाठी त्याच मंचात त्याच वर्षांत आलेल्या वीज आणि विमा यांच्या तक्रारी शेजारी ठेवा. त्या टिकून राहिल्या आणि दूरसंचाराच्या तेवढ्या घटल्या, तर मंचाचं एकूण काम मंदावलं होतं ही शंका बाद होते. मग उरलेल्या तीन शक्यतांसाठी निकालपत्रं उघडून वाचा : प्रकरण ‘अधिकारक्षेत्र नाही’ म्हणून परत गेलं की गुणवत्तेवर निकाली निघालं?

घाई कशाची

शेवटचा स्रोत माणसांचा आहे आणि तोच सगळ्यात नाशवंत. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. त्यांत लाईनमन होते, ज्यांना कोणत्या पिलरवरची कोणती जोडी पावसात जाते हे तोंडपाठ होतं. हे ज्ञान कोणत्याच अहवालात नाही. फायबर आलं की तांबं निघतं, आणि तारेबरोबर तिचा नकाशाही.

म्हणून हा विषय पटला असेल तर एवढं करा. तुमच्या तालुक्यातला एक निवृत्त लाईनमन आणि एक जुना केबलवाला शोधा. त्यांना काका म्हणून हाक मारा, चहा घ्या, आणि ‘सेवा कशी होती’ असा मोघम प्रश्न विचारू नका. कागद पुढे करा आणि म्हणा, ‘काका, एक्स्चेंजपासून शेवटच्या घरापर्यंतची लाईन काढून दाखवा, आणि ती कुठे कुठे तुटायची तिथे फुली मारा.’ त्या कागदावर तारीख, गाव आणि त्यांची परवानगी लिहून घ्या. मुलाखतीची सविस्तर प्रश्नावली कशी करायची, ते पुढच्या लेखात बघू.