वंशावळीतील विस्मृत पूर्वज

बायबलच्या जुन्या करारातील इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचे आरंभीचे नऊ अध्याय म्हणजे जवळजवळ सलग वंशावळ असून, दावीद किंवा अहरोन यांच्यासारखी मोजकी परिचित नावे वगळली तर तीतील बहुतेकांविषयी नावापलीकडे काहीच सांगितलेले नाही. त्यामुळे वाचक सहसा हे अध्याय ओलांडून पुढे जातो. तथापि ज्या समाजाने ही नावे जतन केली, त्याच्या दृष्टीने जमिनीवरचा वारसा, याजकपद, म्हणजे मंदिरातील पौरोहित्याचा अधिकार, आणि इस्राएली म्हणवून घेण्याचा हक्क या साऱ्यांचा आधार अशा अप्रसिद्ध पूर्वजांच्या नावांतच होता.

याचा सर्वांत ठोस पुरावा बायबलच्या बाहेर, जमिनीखाली सापडला. शोमरोन ही उत्तरेकडील इस्राएल राज्याची राजधानी. तेथे १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात शाईने लिहिलेली खापरे मिळाली, आणि इ.स.पू. आठव्या शतकातील या खापरांवर कोणत्या भागातून जुना द्राक्षारस वा तेल राजधानीत आले, याच्या त्रोटक नोंदी आहेत. त्यांत येणारी अबियेजेर, हेलेक, शमीदा ही नावे मनश्शे या इस्राएली वंशाच्या वंशावळीत पुरुषांची म्हणून येतात, तर होग्ला आणि नोआ ही नावे त्याच वंशातील सलाफहादाच्या मुलींची आहेत. बापाला मुलगा नसल्यामुळे त्याचे नाव कुळातून पुसले जाऊ नये, म्हणून या बहिणींनी मोशेपुढे उभे राहून वारसा मागितला आणि तो मिळवला, अशी कथा गणनेच्या पुस्तकात आहे. वंशावळीत केवळ मुली म्हणून दिसणारी ही नावे प्रत्यक्षात मुलखाच्या विभागांचीही नावे होती, हे खापरांवरून उघड होते. तेव्हा अशी वंशावळ एका अर्थाने जमिनीचे दप्तरच ठरते.

वंशशुद्धीचा आग्रह धरण्यासाठीच या याद्या रचल्या गेल्या, असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. यहूदा वंशाच्या यरहमेल शाखेतील शेशान याला मुलगे नव्हते, मुलीच होत्या. त्याने आपली मुलगी यरहा नावाच्या मिसरी दासाला दिली आणि तिच्या पोटी अत्तय जन्मला, असे इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात अवघ्या दोन ओळींत सांगून ग्रंथकार अत्तयापासून अलीशामापर्यंत तेरा पिढ्यांची नावे ओळीने देतो. या तेरा जणांपैकी कोणाच्याही हातून घडलेले एकही कृत्य नोंदलेले नाही, आणि मुलीचे तर नावही तेथे नाही, ही उणीव खटकल्यावाचून राहत नाही. परंतु परक्या दासाची संतती यहूदाच्या कुळात निःसंकोचपणे गणली गेली, ही गोष्ट याच नीरस भासणाऱ्या यादीमुळे टिकून राहिली.

नाव हरवले तर काय होत असे, हे एज्राच्या पुस्तकातून कळते. इ.स.पू. ५३८ मध्ये पारसीक सम्राट कोरेशाने बाबिलोनमधील यहूदी बंदिवानांना मायदेशी परतण्याची मुभा दिली, आणि परतलेल्या ४२,३६० लोकांच्या गणनेत ६५२ जणांना आपले पितृकुळ इस्राएलाचेच आहे, हे दाखवता आले नाही. याजकांपैकी हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय या तीन घराण्यांनी वंशावळीच्या नोंदींत आपली नावे शोधली, ती सापडली नाहीत, आणि त्यांना अशुद्ध ठरवून याजकपदावरून दूर करण्यात आले; उरीम व थुम्मीम, म्हणजे देवाचा कौल जाणण्याची याजकांजवळची साधने, धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत त्यांनी परमपवित्र अन्न खाऊ नये, असा प्रांताधिकाऱ्याने हुकूम दिला.

यांपैकी हक्कोसाच्या घराण्याचा माग पुढेही लागतो. पुढे बाबिलोनहून परतलेल्या शास्त्री एज्राबरोबर यरुशलेमेत आलेले सोने-रुपे मंदिरात ज्याच्या हाती तोलून दिले गेले, तो उरीयाचा मुलगा मरेमोथ याजक होता, आणि इ.स.पू. ४४५ च्या सुमारास यहूदाचा अधिकारी म्हणून आलेल्या नहेम्याने नगराचा तट बांधून काढला, तेव्हा दोन ठिकाणचे काम करणाऱ्या मरेमोथाचा उल्लेख उरीयाचा मुलगा आणि हक्कोसाचा वंशज असा केलेला आहे. हे दोन्ही उल्लेख एकाच माणसाचे असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर नोंदीअभावी बाजूला सारलेल्या घराण्याला शतकभराच्या आत याजकपद परत मिळाले होते, आणि मरेमोथाने बांधलेल्या तटाचा दुसरा भाग प्रमुख याजक एल्याशीब याच्या घराच्या दारापासूनच सुरू होत होता.