परिषदेचा यजमान कोण? त्रिरश्मीच्या ओदयंत्रिकांपासून आजच्या ‘इंटरनॅशनल कॉन्फरन्स’पर्यंत

अभियांत्रिकी, तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन या विषयांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवणे ही नाशिकच्या महाविद्यालयांना आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. गेटवर फ्लेक्स लागतो, सरस्वतीच्या तसबिरीपुढे दीपप्रज्वलन होते (विज्ञानाची परिषद आणि सुरुवात पूजेने, यात कुणालाच विसंगती दिसत नाही), परदेशातले एखादे प्राध्यापक पडद्यावर येऊन बीजभाषण करतात आणि दोन दिवसांत ढीगभर शोधनिबंध ‘वाचले’ जातात. वर्तमानपत्रात फोटो येतो. फोटोत संस्थाचालक मधोमध असतात.

या परिषदांना माझा विरोध नाही. उलट आपल्या पोरांनी तिथे जावे, निबंध वाचावेत, भांडावे असेच मला वाटते. पण समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला खोड असते, तो आधी विचारतो की यजमान कोण आहे? पैसा कुणाचा, आमंत्रण कुणाला आणि चर्चेचा विषय कोण ठरवतो? हे प्रश्न नाशिकमध्ये विचारायला तर विशेष कारण आहे. विद्वानांचे यजमानपद कसे करावे याचा हिशेब या शहराच्या डोंगरावर दगडात कोरून ठेवलेला आहे.

ज्याला लोक सवयीने ‘पांडवलेणी’ म्हणतात ती त्रिरश्मी बुद्धलेणी. पांडवांचा तिथे काडीचाही संबंध नाही. लेणे क्रमांक १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. त्याने हे लेणे ‘चातुर्दिश भिक्षुसंघा’ला दिले. चातुर्दिश म्हणजे चारही दिशांचा, कुठूनही आलेला भिक्खू तिथे राहू शकतो. आंतरराष्ट्रीय या शब्दाला याहून जुना आणि सरळ प्रतिशब्द मला तरी माहीत नाही. पण नुसते लेणे दिले आणि फीत कापली असे झाले नाही. उषवदाताने ३००० कार्षापण कायमनिधी म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. गोवर्धन गाव आजही गंगापूर रोडला आहे. त्यातले २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० चे वर्षाचे व्याज होते २४०. लेख सांगतो की त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. विसा बारा दोनशे चाळीस. हिशेब चोख जुळतो! आणि हे सगळे निगमसभेत वाचून दाखवले, फलकावर नोंदवले, असेही त्यात लिहिले आहे.

हा उषवदात ब्राह्मणांनाही भरपूर दाने देणारा राजपुरुष होता, तेही तिथल्याच लेखांत आहे. त्याला आपण उगाच क्रांतिकारक ठरवू नये. मला महत्त्वाचे वाटतात ते विणकर. भिक्खूंच्या मुक्कामाचा निधी राजाच्या तिजोरीत ठेवलेला नव्हता, हाताने काम करणाऱ्यांच्या संघटनेकडे होता.

याच लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, म्हणजे साधारण तिसऱ्या शतकातला आणखी एक लेख आहे. तो एका उपासिकेचा, विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीचा आहे. त्रिरश्मीवर राहणाऱ्या आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी तिने गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत तेल गाळणारे आहेत आणि ओदयंत्रिक आहेत. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे वा चालवणारे कारागीर. त्यांच्याकडे २००० कार्षापण ठेवले होते. नाशिकच्या इंजिनिअरांचा हा बहुधा सर्वांत जुना लेखी उल्लेख. अभियांत्रिकी, तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन असे तिन्ही विषय एका दगडावर सापडतात, आणि खर्च होतो आजाऱ्याच्या औषधावर. पुढे ब्राह्मणी व्यवस्थेने हात आणि डोके यांची फारकत केली. यंत्र करणारा खालचा आणि मंत्र म्हणणारा वरचा ठरला. ओदयंत्रिकाचे वंशज कोण, हे आज कुणाला सांगता येईल?

आता थेट विसाव्या शतकात येऊ. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तो पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये छापून आला. चर्चासत्रात निबंध वाचणे ही आपल्यासाठी परक्याकडून उसनी घेतलेली चाल नाही, हे एवढ्यासाठीच सांगते.

मात्र बाबासाहेबांनी परिषदा भरवल्या, त्याही इंजिनिअरांच्या, हे आपल्यातल्याही फार जणांना ठाऊक नसते. जयंतीच्या भाषणांत घटना येते, महाड येते, काळाराम येतो, धर्मांतर येते. कटक येत नाही.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. २५ ऑक्टोबर १९४३ च्या सार्वजनिक बांधकाम व वीजविषयक धोरण समितीच्या बैठकीत त्यांनी मांडलेला मुद्दा असा होता : वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण तिच्याशिवाय उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणाशिवाय या देशातल्या गरिबाची सुटका नाही. तंत्रज्ञानाचा विचार सुरू होतो तो माणसाच्या दारिद्र्यापासून, यंत्रापासून नव्हे.

त्याच वर्षी जुलैमध्ये दामोदर नदीला महापूर आला होता. ३ जानेवारी १९४५ रोजी आणि पुन्हा २३ ऑगस्ट १९४५ रोजी बाबासाहेबांनी कोलकात्यात बंगाल आणि बिहार सरकारांना केंद्राबरोबर एका टेबलावर बसवले. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या कामाचा अनुभव असलेले व्हूर्डुइन हे तज्ज्ञ त्या आराखड्यावर काम करत होते. त्यातून १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकमध्ये ओरिसाच्या नद्यांवर परिषद झाली. तिथले बाबासाहेबांचे भाषण इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. आधीच्या समित्यांनी पूर म्हणजे जास्तीचे पाणी आणि जास्तीचे पाणी म्हणजे संकट असे धरून फक्त बांध सुचवले होते. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. माणसाला जास्त त्रास पाणी नसल्याने होतो, तेव्हा पाणी अडवा, साठवा, त्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधा. चवदार तळ्यावर ज्याला पाणी नाकारले होते, तो माणूस अख्ख्या खोऱ्याच्या पाण्याचा विचार करत होता. एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग स्थापन झाला, ए. एन. खोसला त्याचे अध्यक्ष झाले. आजचा केंद्रीय जल आयोग त्याचाच वारस. या धरणांनी पुढे आदिवासी आणि दलितांनाच मोठ्या संख्येने विस्थापित केले हेही खरे, आणि तो हिशेब स्वतंत्र लेखात करावा लागेल. पण यजमान बदलला की परिषदेतला प्रश्न कसा बदलतो, हे कटकने दाखवले.

मंत्री असतानाच, २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात त्यांनी व्हाइसरॉयला लिहिले की अनुसूचित जातींच्या मुलांना कला आणि कायद्याच्या पदव्यांपेक्षा विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण द्या, परदेशी पाठवा. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कर्मशाळांत उमेदवारी द्या. १९४४ मध्ये सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही या पाठपुराव्याचे फळ. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये लागलेल्या आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीने याच वाटेने घरात पहिला पगार आणला.

मग ही वाट अडली कुठे? १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. नाशिकमधले के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ चे. पुढे शहराच्या चारही बाजूंना कॅम्पस उभे राहिले. मराठी मुलांना इंजिनिअरिंगसाठी कर्नाटकात जावे लागणे थांबले, हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांच्या हाती जमीन, कारखाने आणि बँका होत्या त्यांच्याच हाती शिक्षण गेले. डोनेशन इतके बोकाळले की १९८७ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. २००५ मध्ये इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित संस्थांवर आरक्षण लादता येणार नाही म्हटले, त्यावर ९३ वी घटनादुरुस्ती झाली, आणि २००६ मध्ये महाराष्ट्राने खासगी व्यावसायिक संस्थांतल्या आरक्षणाचा कायदा केला. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्था मात्र त्यातून सुटल्या. म्हणजे आपला विद्यार्थी वर्गात पोचला तो कायद्याने. संस्थेच्या गव्हर्निंग बॉडीत तो अजून कुठे आहे?

परिषदांचे पेव फुटले त्याचे कारणही ज्ञानाची भूक हे नव्हते. २०१० च्या यूजीसी नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला गुणांक जोडले आणि परिषदेत निबंध वाचण्याला गुण मिळू लागले. २०१६ च्या नियमांत पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी परिषदांत दोन निबंध वाचणे सक्तीचे झाले, ते २०२२ मध्ये काढले. मागणी आली की बाजार येतोच. मे २०१८ मध्ये यूजीसीला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. हैदराबादची ओमिक्स ही कंपनी नियतकालिके चालवायची आणि जगभर परिषदाही भरवायची. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने फसव्या व्यवहारांबद्दल तिच्यावर ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आदेश काढला. ‘मेरिट’चे ढोल वाजवणारे लोक याविषयी बोलत नाहीत. आरक्षणाने गुणवत्ता घसरते म्हणणाऱ्यांना पैसे भरून छापलेल्या निबंधाने ती घसरलेली दिसत नाही का?

हा खर्च शेवटी कोण सोसतो, ते मी वस्तीत काम करताना पाहते. शेवटच्या वर्षाची एक मुलगी, शिष्यवृत्तीवर शिकणारी. प्रोजेक्टचे खरे काम तिने आणि तिच्या मैत्रिणीने केले होते. परिषदेत वाचायचे तर नोंदणीची फी काही हजार रुपये, आणि शिष्यवृत्तीत असल्या फीला जागा नाही. गटातल्या ज्याच्या घरून पैसे आले त्याचे नाव निबंधावर पहिले गेले, त्यानेच व्यासपीठावर सादरीकरण केले. कुणी जातीवरून शिवी दिली नाही, कुणी हाकलले नाही. नुसत्या फीने काम झाले. अजंता सुब्रमणियन यांनी ‘द कास्ट ऑफ मेरिट’ या २०१९ च्या पुस्तकात आयआयटी मद्रासचा इतिहास मांडून हेच दाखवले आहे, की जातीचे भांडवल गुणवत्तेच्या नावाने कसे वठवले जाते.

आणि विषय? द्राक्षाच्या पानाचा फोटो काढून रोग ओळखणारे सॉफ्टवेअर हा नाशिकच्या पोरांचा आवडता विषय. चांगला आहे, शेतकऱ्याला उपयोगी आहे. पण त्याच द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या आदिवासी मजुरांच्या कामाचे तास, मजुरी आणि अंगावर उडणारी औषधे हा व्यवस्थापनाचा विषय नाही काय? हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. भरपाई तिप्पट झाली, कारण माणसे गटारात उतरणे थांबले नाही. केरळच्या तरुण इंजिनिअरांनी मॅनहोलमध्ये उतरणारा ‘बँडिकूट’ यंत्रमानव बनवला. म्हणजे तंत्र अशक्य नाही. अरुंद गल्लीतले, आपल्या नळकांड्यांच्या मापाचे, नगरपालिकेला परवडणारे यंत्र करणे हा अस्सल यंत्र अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. तो निबंध कोण लिहिणार? ज्याच्या घरातले कुणी कधी उतरले नाही, त्याला तो सुचणार नाही.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. कोट्यवधी लोकांचा मैला, गोदावरीत जाणारे सांडपाणी आणि ते निस्तरणारे कंत्राटी सफाई कामगार, यांवर शहरातल्या प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात एक सत्र सहज होऊ शकते. तेव्हा यंदा ‘कॉल फॉर पेपर्स’ निघाला की आपल्या विद्यार्थी संघटनांनी निवेदन घेऊन प्राचार्यांकडे जावे. शिष्यवृत्तीधारकांना नोंदणी फी माफ हवी. एआयसीटीईसारख्या सरकारी यंत्रणेचे अनुदान घेतले असेल तर जमाखर्च फलकावर लावा म्हणावे, उषवदाताने लावला होता. आयोजन समितीत आणि सत्रांच्या अध्यक्षपदी अनुसूचित जाती-जमातींचे प्राध्यापक किती, याची यादी लेखी मागावी. आणि त्याच भेटीत स्वच्छता यंत्रांवरचा आपला एक निबंध, पूर्ण लिहिलेला, टेबलावर ठेवावा. निबंधाच्या आकडेमोडीसाठी, सफाई कामगारांच्या मुलाखतींसाठी आणि भाषेसाठी ज्यांना मदत हवी त्यांनी मला कळवा. दर रविवारी संध्याकाळी आम्ही विहारात बसतो.

जयभीम!