ट्रेकची सॅक: सह्याद्रीत जाताना काय घ्यावे आणि काय यावे

सह्याद्रीतील बरेचसे गड एका दिवसात पाहून होतात. सकाळी निघायचे, दुपारी माथ्यावर डबा खायचा आणि संध्याकाळी पायथ्याच्या गावात चहा प्यायचा. बहुतेकांची सॅक याच हिशोबाने भरलेली असते. अडचण येते ती दिवस लांबला की. वाट चुकते, पाय मुरगळतो, पाऊस येतो आणि अंधार पडतो तेव्हा पाणीही संपलेले असते. म्हणून सॅक भरताना एकच प्रश्न विचारावा: उतरायला चार तास उशीर झाला, तर यातले काय कामाला येईल?

आधी वेळेचा हिशोब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम मांडला. दर ५ किलोमीटर चालीसाठी १ तास धरावा आणि दर ६०० मीटर चढासाठी आणखी १ तास मिळवावा. समजा वाट ६ किलोमीटरची आणि चढ ९०० मीटरचा आहे. चालण्याचे १ तास १२ मिनिटे आणि चढाचे दीड तास, म्हणजे २ तास ४२ मिनिटे झाली. यात विश्रांती, ऊन आणि घसारा धरलेला नाही. गटात नवखे असतील तर दीडपट, म्हणजे साधारण ४ तास धरा. उतरायला ३ तास ठेवा, कारण उभ्या उतारावर वेग फारसा वाढत नाही.

आता घड्याळ लावून पाहा. सकाळी ८ ला निघालात, तर माथ्यावर १ तास थांबूनही ४ वाजता खाली पोहोचता. ११ ला निघालात, तर खाली यायला ७ वाजतात. डिसेंबरात सूर्य ६ च्या सुमारास मावळतो. म्हणजे शेवटचा तासभर जंगलात अंधारात चालावे लागेल.

सॅक कशी भरावी

एका दिवसासाठी २० ते ३० लिटरची सॅक पुरते, मुक्कामासाठी ४० ते ५० लिटरची लागते. मुक्कामाच्या सॅकचे वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडांवर घट्ट बसवा, म्हणजे बराचसा भार खांद्यांवरून कमरेवर येतो. जड सामान पाठीला लागून मध्यभागी ठेवा. स्लीपिंग बॅग तळाशी आणि रेनकोट, खाऊ, टॉर्च अशा सहज लागणाऱ्या वस्तू वर ठेवा. पावसाळ्यात सॅकच्या आत आधी एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात सामान भरा. बाहेरच्या कव्हरमधून पाठीकडून पाणी शिरतेच.

पाणी आणि खाणे

हिवाळ्यात माणशी किमान ३ लिटर पाणी घ्या, उन्हाळ्यात ४ लिटर किंवा जास्त. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका. एप्रिल-मेमध्ये अनेक टाकी आटतात आणि सगळ्यांचे पाणी पिण्याजोगे नसते. कोणत्या टाक्यात पाणी आहे हे पायथ्याच्या गावात विचारून घ्या. ते पाणी फडक्याने गाळून उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर दिलेला वेळ थांबा. माथा गाठण्याआधीच निम्मे पाणी संपले, तर मागे फिरणे शहाणपणाचे.

खूप घाम आल्यावर नुसते पाणी पुरत नाही, क्षारही भरून यावे लागतात. ओआरएसची पाकिटे ठेवा. नसतील तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला (चमचा चहाचा). उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचे अंग तापले, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच मदत मागवा.

कपडे, बूट, उजेड

जीन्स आणि जाड सुती कपडे भिजले की जड होतात आणि लवकर वाळत नाहीत. पावसात आणि वाऱ्यात माथ्यावर त्यांनीच हुडहुडी भरते. पटकन वाळणारे कपडे घाला आणि एक कोरडा जोड पिशवीत बांधून ठेवा. बुटाच्या तळाला खोल खाचा हव्यात. तरीही शेवाळलेल्या कातळावर कोणताही बूट घसरतो, हे लक्षात असू द्या.

टॉर्च प्रत्येकाकडे हवी, शक्यतो डोक्याला बांधायची, म्हणजे उतरताना दोन्ही हात मोकळे राहतात. फोनची टॉर्च वापरू नका, ती बॅटरी मदत मागवण्यासाठी राखून ठेवा. नकाशा घरूनच डाउनलोड करा. नेटवर्क नसले तरी जीपीएस चालते.

वाट चुकल्यास

सह्याद्रीत गुरांच्या येण्याजाण्याने पडलेल्या ढोरवाटा जागोजागी फुटतात. त्या मळलेल्या दिसतात, पण झाडीत किंवा कड्याजवळ संपतात. दहा मिनिटांत ओळखीची खूण दिसली नाही, तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत या.

‘पाण्याच्या धारेने खाली गेले की गाव लागते’ हा सल्ला इथे धोक्याचा आहे. सह्याद्री लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनला आहे, त्यामुळे त्याचे कडे पायऱ्यांसारखे आहेत. ओढ्याची कोरडी घळ पुढे अचानक धबधब्याच्या कड्याशी संपते. तिथून पुढे उतरता येत नाही आणि कधी कधी मागे चढताही येत नाही. अंधार पडला असेल, तर कड्यापासून दूर सपाट जागी एकत्र बसून सकाळची वाट पाहा.

ओढा, मधमाश्या, साप

डोंगरात वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. पाणी गढूळ झाले किंवा गुडघ्याच्या वर गेले, तर ओलांडू नका, ओसरेपर्यंत थांबा. ओलांडावाच लागला, तर आधी सॅकचा कमरपट्टा सोडा.

कड्यांवर आग्या मोहोळ असते. धूर आणि अत्तराचा उग्र वास टाळा. माश्या उठल्या, तर तोंड झाकून तिथून दूर जा, पण कड्याच्या दिशेने धावू नका.

फुरसे दगडांखाली असते, म्हणून न पाहता कपारीत हात घालू नका. साप चावल्यास चीर देऊ नका, आवळून बांधू नका. चावलेला भाग न हलवता रुग्णाला उचलून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.

मदत मागवताना

११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. गावकरी आणि लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी स्वयंसेवी पथके डोंगरात शोध घेतात. फोनवर जागा, माणसे किती, दुखापत कोणती आणि बॅटरी किती उरली, हे आधी सांगा. फोन लागत नसेल, तर शिट्टी वापरा: मिनिटभरात सहा वेळा वाजवा, एक मिनिट थांबा, पुन्हा वाजवा. हा जगभर ओळखला जाणारा संकटाचा इशारा आहे आणि ओरडून घसा बसला तरी शिट्टी वाजत राहते.

शेवटची तयारी निघण्यापूर्वीची आहे. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत फोन करणार, हे घरी एकाला आणि पायथ्याच्या गावात एकाला सांगून ठेवा. ठरलेल्या वेळी फोन आला नाही, तर शोध कुठून सुरू करायचा हे त्यांना ठाऊक असेल.