धुराला बंदी झाली, धुळीचे काय?

दवाखान्यात विडी-सिगारेट ओढू नये, हे आज कुणाला पटवून द्यावे लागत नाही. पण हा नियम आपोआप आलेला नाही. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. नंतर मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक वाहने येथे देशभर बंदी आली. आधार होता संविधानाच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. जो ओढत नाही त्याने दुसऱ्याच्या धुराची शिक्षा का भोगायची, हा त्यामागचा साधा विचार होता.

२००३ साली संसदेने कायदा केला. त्यात शब्द आला 'रुग्णालयाची इमारत', आणि मोकळी जागा वगळली गेली. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी ही पळवाट आवळली. स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस थांबा 'आणि अशी इतर ठिकाणे' यांना मोकळ्या जागेची सवलत राहिली नाही. पण रुग्णालयाच्या आवाराचे नाव त्या ओळीत नाही. ते 'इतर ठिकाणां'मध्ये समजून घ्यावे लागते.

हा शब्दांचा कीस नाही. सरकारी दवाखान्यात ज्याचा माणूस भरती असतो, त्याचे नातेवाईक कुठे राहतात? आवारातल्या झाडाखाली, व्हरांड्यात, पायऱ्यांवर. तिथेच भाकरी खातात, तिथेच झोपतात. गरिबासाठी आवार हाही वॉर्डच असतो. म्हणून बंदी इमारतीपुरती नको, फाटकापर्यंत हवी. आणखी एक गोष्ट बघा. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे. रुग्णालयासाठी तशी ओळ कायद्यात नाही. आत फलक आणि बाहेर पानटपरी, हे चित्र म्हणूनच दिसते.

इथपर्यंत आम्ही कायद्याच्या बाजूने आहोत. आमचा प्रश्न पुढचा आहे. कलम २१ फक्त धूर नाकात जाणाऱ्यासाठी आहे का? जिच्या नाकात रोज तंबाखूची धूळ जाते, तिच्यासाठी कोण न्यायालयात गेले?

मित्रांनो, हा प्रश्न आपल्या चळवळीला परका नाही. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. हे विडी कामगारांचे नेते होते. ठेकेदारांच्या पिळवणुकीतून सुटका व्हावी म्हणून त्यांनी विडी कामगारांना संघटित केले, सहकाराचा मार्ग दाखवला. १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी, ते क्षयाने गेले. आपण रोज जय भीम म्हणतो, पण त्या शब्दामागचा विडी कामगार किती जणांना आठवतो?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, रेगे समिती नेमली गेली आणि तिच्या चौकशीत विडी धंद्यातील कामगारांची स्थिती नोंदवली गेली. पुढे संविधानात कलम ३९ आले. कामगार स्त्री-पुरुषांच्या आरोग्याचा आणि ताकदीचा दुरुपयोग होऊ नये, असे ते राज्याला बजावते. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य, असे कलम ४७ सांगते.

आता आपल्या सोलापुरात या. जुळे सोलापुरातून निघून शहराच्या पूर्व भागात, विडी घरकुलात, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत जा. घराघरात सुपात पाने आणि तंबाखू घेऊन बसलेल्या बाया दिसतील. बहुतेक तेलुगुभाषक पद्मशाली समाजाच्या. दिवसाला हजार विड्या वळायच्या, मजुरी हजारी हिशोबाने. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने हवा खेळती ठेवण्याची, धूळ काढून टाकण्याची जबाबदारी मालकावर टाकली, पण ती कारखान्याच्या जागेपुरती. काम घरात गेले, धूळही घरात गेली, आणि जबाबदारी मात्र कारखान्यातच राहिली. त्या खोलीत लेकरेही झोपतात. १९७६ मध्ये विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला होता. त्यातून दवाखाने, घरे, शिष्यवृत्त्या मिळत. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला.

काही जण म्हणतील, बंदीची बाजू घेणे म्हणजे या बायांच्या पोटावर पाय देणे. आम्हाला हे मान्य नाही. हा युक्तिवाद कारखानदारांच्या सोयीचा आहे. बाईला विडी प्रिय नाही, तिला रोजगार हवा आहे. जातीने ठरवलेले किंवा गरिबीने लादलेले घातक काम 'पोटाचा प्रश्न' म्हणून टिकवायचे, हे बाबासाहेबांनी कधीच मान्य केले नाही. पण पर्याय न देता नुसता दंड करणे हाही न्याय नाही. २०० रुपयांचा दंड साहेबाला लागत नाही, रोजंदारीवाल्याची चूल विझवतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रुग्णालयाच्या संपूर्ण आवारात बंदी कायद्याच्या शब्दांत लिहा. फाटकाबाहेरच्या विक्रीला शाळेसारखीच मनाई करा. दंडाच्या पावतीबरोबर व्यसन सोडवणारा समुपदेशक द्या. विडी कामगार स्त्रियांची छातीची, डोळ्यांची तपासणी दरवर्षी मोफत करा. बंद पडलेल्या उपकराच्या जागी हक्काचा निधी आणि दुसऱ्या कामाचे प्रशिक्षण द्या.

फलक लावायला एक दिवस लागतो. या मागण्या पदरात पाडायला संघटना लागते. हरदासांनी ती विडी कामगारांतूनच बांधायला घेतली होती. ते काम अपुरे आहे, आणि ते आपले आहे.

जय भीम!