निद्राकारक वनौषधी व डॉक्टरी औषधे : आंतरक्रिया

झोप लागावी, मन शांत राहावे म्हणून घेतलेल्या वनस्पतिजन्य औषधांचा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांवर होणारा बरावाईट परिणाम, बहुधा वाईटच. तगर, जटामांसी, अश्वगंधा, शंखपुष्पी, सर्पगंधा ही यातली भारतात सर्रास घेतली जाणारी नावे.

एक धोका बेरजेचा. रात्री अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेम घेणाऱ्याने वर तगराची गोळी घेतली, तर गुंगीत गुंगी मिसळू शकते. सर्दीची गोळी किंवा मद्य यांनी ती आणखी वाढते. म्हातारे माणूस पहाटे लघवीला उठते, तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. बोल मात्र ओल्या फरशीला लागतो.

दुसरा धोका वजाबाकीचा, आणि त्याचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. फेनिटॉइनवर फिट आटोक्यात असलेल्या दोन रुग्णांना शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदिक औषध सुरू केल्यावर पुन्हा फिट येऊ लागल्या. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी मग उंदरांवर प्रयोग केले. दोन्ही औषधे काही दिवस एकत्र दिली, तेव्हा रक्तातले फेनिटॉइन घटले. एकाच मात्रेत ते घटले नाही, तरी त्याचा गुण कमी झालाच (१९९२). फेनिटॉइनची रक्तातली उपयुक्त पातळी दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम, एवढी अरुंद. थोडी घटही महागात पडते. त्यात ‘शंखपुष्पी’ या नावाखाली प्रांतोप्रांती निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, गोकर्णसुद्धा.

सर्पगंधा या सर्वांत जहाल. रक्तदाबावरील तिचा गुण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगापुढे मांडला, १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे काढले गेले. ते मज्जातंतूंतील नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन यांचे साठे रिकामे करते. त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत दाब फार उतरू शकतो, डिगॉक्सिनसोबत नाडी मंदावते, कंपवातातील लेव्होडोपाचा गुण मारला जातो. मूळचे नैराश्यही बळावते. मुळी थांबवली तरी परिणाम कित्येक दिवस टिकतो.

‘आणखी काही औषध चालू आहे का?’ असे डॉक्टर विचारतात तेव्हा ‘नाही’ हे उत्तर खोटेपणाने दिलेले नसते. घरचे चूर्ण औषधात मोजलेच जात नाही. तपासणीला, विशेषतः शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाकडे, गोळ्यांच्या पाकिटांसोबत चूर्णाची डबीही न्यावी.