चित्र येतंय, थांबा

भिवंडीतल्या यंत्रमागावर धोटा ताण्यातून आरपार जातो, त्यातल्या कांडीवरून बाण्याचा धागा सुटतो आणि फणी तो ठोकून बसवते. कापड वाढते ते असे, एकेका धाग्याने. इथले बहुतेक माग साधे ‘ग्रे’ कापड काढतात. नक्षी विणणारी ‘जकार्ड’ यंत्रणा लावलेल्या मागावर नक्षीही याच चालीने उतरते. मूळच्या जकार्डात तर दर बाण्याला भोके पाडलेले एक पुठ्ठ्याचे कार्ड लागे. फ्रान्समध्ये १८३९ साली तिचे जनक जकार्ड यांचे चित्र रेशमात विणले गेले, तेव्हा सुमारे २४,००० कार्डे खर्ची पडली. गणिती चार्ल्स बॅबेजकडे त्याची प्रत होती. पाहुण्यांना ती छापील वाटे.

चित्र ओळीओळीने तयार होणे हे असे जुनेच. त्यासाठी गिऱ्हाइकाला समोर ताटकळत बसवले ते मात्र फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या मोडेमने.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. विद्यार्थ्यांना वर्षाला ५०० रुपयांत खाते मिळे, पण त्यावर नुसता मजकूर दिसे. चित्रे बघायची तर महागडे खाते घ्यावे लागे. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट असेल, तर ५० किलोबाइटचे चित्र उतरायला चाळीस सेकंदांहून जास्त वेळ जाई. मध्येच घरातल्या कोणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की लाइन तुटे आणि चेहरा नाकापर्यंत येऊन थांबे. तोवर फोनचे बिल चालूच असे.

हा त्रास हलका करायला कारागिरीही झाली, आणि ती फार हुशारीची होती. १९८७ च्या जीआयएफ प्रकारात ‘इंटरलेसिंग’ची सोय होती. चित्र वरून खाली सरळ न पाठवता आधी दर आठवी ओळ पाठवायची, मग त्यांच्या मधली, मग त्यांच्याही मधली दर चौथी ओळ, आणि शेवटच्या फेरीत उरलेल्या निम्म्या ओळी. एक अष्टमांश वेळातच समोरचा डोंगर आहे की माणूस, हे कळे. पटले नाही तर ‘स्टॉप’ दाबायचे, पैसे वाचले. नेटस्केप ब्राउझरने यापुढे जाऊन आधी एक हलके, फिकट चित्र दाखवायची आणि खरे मागून आणायची सोय केली.

मराठी वाचकाच्या वाट्याला यात एक जास्तीचा भोग होता. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ फॉन्ट येईपर्यंत बहुतेक संगणकांना देवनागरी येतच नव्हती. म्हणून कुणी आपापला फॉन्ट उतरवून घ्यायला लावी, तर कुणी मराठी मजकुराचेच चित्र करून टाकी. म्हणजे इंग्रजी पानावर फोटो रखडे, मराठी पानावर शीर्षकच रखडे. मात्रा आधी दिसायच्या, अक्षरे मागून यायची.

सरकारच्या २००४ च्या धोरणाने २५६ किलोबिटला ‘ब्रॉडबँड’ म्हटले आणि तेच ५० किलोबाइटचे चित्र दोन सेकंदांच्या आत येऊ लागले. वीज असली तर, अर्थात. भारनियमनात माग आणि मोडेम दोन्ही थंड. भिवंडीचे वीजवितरण जानेवारी २००७ मध्ये टोरंट कंपनीकडे गेले, तोवरचा काळ यंत्रमागवाल्यांना चांगलाच आठवतो.

आणि आता तीच रखडपट्टी लोक हौसेने करतात. चित्रे मुद्दाम सावकाश उतरवणारे गमतीचे स्क्रिप्ट पंधरा-वीस ओळींत लिहिता येते. पानावरचे प्रत्येक चित्र पकडायचे, त्यावर करडी पट्टी टाकायची आणि टायमर लावून ती थोडीथोडी खाली सरकवायची. खरे चित्र केव्हाच येऊन बसलेले असते. दिसू तेवढे देत नाहीत. विशीतल्या पोरांना याचे हसू येते, पन्नाशीतला माणूस मात्र नकळत माउसवरचा हात काढून घेतो.

पण अशी बरीच स्क्रिप्ट एका बाबतीत फसतात: त्यांचा वेग फार एकसारखा असतो. मोडेम असा वागत नसे. तो भराभर वीस ओळी टाकी, मग मिनिटभर ढिम्म, मग एकदम दोन बोटे आणखी, आणि ऐन शेवटी तांबडी फुली. नक्कल करायची तर या लहरीपणाची करायला हवी, नुसत्या संथपणाची नव्हे.

सगळीच नक्कल गमतीखातर होत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये फेसबुकने ‘टू-जी ट्यूसडे’ काढला. दर मंगळवारी कर्मचाऱ्यांना तासभर मंद जोडणीवर आपलेच ॲप वापरून बघता येई, म्हणजे भारतासारख्या देशांतल्या गिऱ्हाइकाचे हाल कळावेत. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आले आणि इथले चित्र झपाट्याने पालटले.

भिवंडीलाही आता मागांइतकीच गोदामांनी ओळख दिली आहे. ऑनलाइन दुकानांचा कितीतरी माल मुंबई-नाशिक रस्त्यालगतच्या या गोदामांतून सुटतो. त्या मालाचे फोटो मोबाइलवर मात्र जाणूनबुजून उशिरा आणले जातात. २०१९ पासून क्रोम ब्राउझरमध्येच ही सोय आहे: पान बनवणाऱ्याने तशी खूण केली, की खालच्या साडीचा फोटो बोट तिच्याजवळ सरकेपर्यंत मागवलाच जात नाही. त्यात दुकानाचा डेटा वाचतो, गिऱ्हाइकाचाही.